पुढचं पाठ

आरशाच्या मागे चिकटून बसलाय तो,
सुपारीएवढ्या भिंगाचा.
कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसतो,
त्या जागी आत्ताचं लिहितो.
पुढचं पाठ, मागचं सपाट.
परवाचा रस्ता त्याला विचारून उपयोग नाही.
मला आवडायचं ते.

सतरा दिवस मी घरून असाच निघत होतो,
डबा घेऊन,
गळ्यात ते ओळखपत्र
ज्याला गोदामाचं गेट आता ओळखत नाही.
वृषाली खिडकीतून हात करायची.
मग दिवसभर स्विंडन.
लायब्ररीमागचा गाळा, सुपरमार्केटची गच्ची,
आणि फिरून फिरून तो मॅजिक राउंडअबाउट:
एका चक्राभोवती पाच छोटी चक्रं,
आणि आतलं उलट्या दिशेचं.
नवखे तिथे देवाचं नाव घेतात.
मी तिथे वाक्य पाठ करायचो. मोठ्यानं.
गाडीत कोण ऐकणार?

मंगळवार, पावणेदोन.
"वृषाली, ऐक ना, माझी नोकरी"
आणि पांढरी व्हॅन न थांबता आत घुसली.
सायकलवरचा मुलगा उडाला,
दोरीवरून शर्ट निसटावा तसा, आवाज न करता.
आवाज नंतर आला.
त्याच्या पाठीवरची जेवणाची चौकोनी पेटी
घरंगळत माझ्या चाकाशी थांबली.
व्हॅनवाला म्हणाला, हाच मध्ये आला.
मुलगा काहीच म्हणाला नाही.
टेस्फाये. नाव मागाहून कळलं.
मांडीचं हाड, दोन ठिकाणी.

मी लाल बटण दाबलं. फाइलला कुलूप.
तरी धीर नव्हता.
कार्ड काढलं, करंगळीच्या नखाएवढं,
आणि ते धरून पावसाळी गवतात उभा राहिलो.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
आत एका मुलाचा पाय
आणि माझं अर्धं वाक्य.

काँस्टेबल हॉलिस वहीत लिहिता लिहिता म्हणाली,
आधीची दोन मिनिटंही हवीत.
कापू नका. आवाज काढू नका.
कात्री लागली की समोरचा वकील
अपघात सोडून कात्रीबद्दलच बोलेल.

रात्री लॅपटॉपपाशी बसलो.
आवाजाच्या पट्टीवर बाण नेऊन ठेवला.
एक क्लिक. व्हॅन तशीच घुसेल,
मुलगा तसाच पडेल,
फक्त मी गप्प असेन.
कुणाचं काय बिघडणार होतं?

"थांब, अशी उघडू नकोस."
वृषाली मागे कधी आली कळलं नाही.
हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात नऊ वर्षं,
तिला कागदाचा जीव कळतो.
कार्ड अडॅप्टरमध्ये बसवून
तिनं कडेचं बारीक बटण नखानं खाली सरकवलं.
"आता यावर कुणाला काही लिहिता यायचं नाही. तुलासुद्धा."
मग नकला केल्या. एक लॅपटॉपवर,
एक पेनड्राइव्हवर, तो गेला हिंगाच्या रिकाम्या डबीत,
एक तिच्या बहिणीकडे, अकोल्याला, इंटरनेटवरून.
शेवटी फाइलचा एक लांबलचक आकडा काढला,
चौसष्ट अक्षरांचा, वाचताना जीभ अडखळेल असा.
"एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला ना,
तर हा सगळाच्या सगळा बदलतो."
गॅसच्या बिलामागे तो हातानं उतरवला,
तिच्या त्या ठसठशीत, शाळेतल्या अक्षरात.

"नीट आलंय का, एकदा बघू या."
मी म्हटलं, नको.
म्हटलं, फार वाईट पडलाय तो, तुला बघवणार नाही.
हे खरंही होतं.

तिनं लावलं.
वायपर. इंडिकेटरची टकटक.
माझा आवाज, मला वाटला त्याहून म्हातारा.
तिचं नाव.
मग व्हॅन.

नकलेचा आकडा तिनं पुन्हा काढला,
बिलाशी ताडून पाहिला, अक्षरन् अक्षर, बोट ठेवत.
"जुळतंय," म्हणाली.
आणि पडद्यावरची नजर न काढता,
"पुढे काय होतं त्या वाक्यात?"